तुर्कस्तानातील कंपनीत रुजू होताना

चाकणच्या कारखान्यातून इस्तंबूलजवळच्या गेब्झेत नोकरीसाठी गेलेल्या माणसाला पहिले काही दिवस सगळे ओळखीचे वाटते. साहेबांच्या खोलीत शिरण्यापूर्वी लोक कोटाचे बटण लावतात, चहावाला दिवसभर फेऱ्या मारतो, कोणाच्या घरी लग्न निघाले की अख्खा विभाग तिकडे लोटतो आणि शिक्का नसलेल्या कागदाला कागद मानण्याची पद्धत नसते. मीसुद्धा ‘हे तर आपल्यासारखेच आहे’ अशा समजुतीत पहिले दोन महिने काढले आणि त्या दोन महिन्यांतच सर्वांत जास्त चुका केल्या. हे साम्य खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. तुर्की संस्था माणसाला आधी नात्यात ओढते आणि नियम मागाहून दाखवते. ते नाते मनापासून स्वीकारायचे, पण त्यापायी नियम सोडायचा नाही, ही कसरत नवागताला पहिल्या दिवसापासून करावी लागते. ती ज्या क्रमाने समोर येते, त्याच क्रमाने येथे मांडली आहे.

निघण्यापूर्वी

सुरुवात कागदांपासून करावी, कारण तिकडे पोहोचल्यावर स्नेह इतका मिळतो की कागद मागण्याचा संकोच वाटू लागतो. परदेशी माणसाच्या कामाचा परवाना 2016 च्या 6735 क्रमांकाच्या कायद्यानुसार मिळतो. भारतातून जाणाऱ्याने तुर्की वकिलातीत अर्ज करायचा (मुंबईत त्यांचे महावाणिज्य दूतावास आहे) आणि त्याच वेळी मालकाने तिकडच्या श्रम मंत्रालयाकडे अर्ज भरायचा, अशी ही दुहेरी वाट आहे. एका परदेशी माणसामागे पाच तुर्की नागरिक कामावर असावेत, ही सर्वसाधारण अट असते. पहिला परवाना जास्तीत जास्त एक वर्षाचा मिळतो आणि तोच राहण्याचाही परवाना ठरतो. ‘पर्यटक म्हणून या, परवान्याचे इथे आल्यावर बघू’ असे कोणी कितीही प्रेमाने सांगितले, तरी परवान्यावाचून विमानात बसू नये.

करारनामा वाचताना 2003 चा 4857 क्रमांकाचा श्रम कायदा जवळ ठेवावा. चाचणीकाळ दोन महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. कामगार संघटनेशी सामूहिक करार असेल तरच तो चार महिन्यांपर्यंत वाढतो. आठवड्याचे काम 45 तासांचे असते, त्यापुढच्या तासाला दीडपट मोबदला मिळतो आणि असे जादा काम वर्षाला 270 तासांहून अधिक घेता येत नाही. पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर 14 दिवसांची पगारी रजा सुरू होते. हे आकडे पाठ करण्याचे कारण असे की ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य बहुधा जादा तासांचा हिशेब निघण्याच्या वेळीच कानावर पडते.

पगाराबाबत दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली म्हणजे तो कोणत्या चलनात मिळणार आणि वर्षातून किती वेळा वाढणार. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथली वार्षिक महागाई सरकारी आकड्यानुसार 85.51 टक्क्यांवर गेली होती. 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी किमान वेतन वर्षातून दोनदा वाढवावे लागले आणि जानेवारी 2022 मध्ये हातात पडणारे 4,253 लिरांचे किमान वेतन जानेवारी 2024 मध्ये 17,002 लिरांवर गेले. ज्या देशात दोन वर्षांत आकडा चौपट होतो, तिथे ‘पगारवाढ वर्षाअखेरीस’ या शब्दांना आपल्याकडचा अर्थ उरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे संपूर्ण पगार बँकेत जमा होणार का. काही लहान-मध्यम कंपन्या कागदावर किमान वेतन दाखवतात आणि उरलेली रक्कम पाकिटातून देतात. हातात येणारा पैसा तेवढाच दिसतो, पण सामाजिक विमा, निवृत्तिवेतन आणि सेवा संपतानाची भरपाई या तिन्हींचा हिशेब कागदावरच्या आकड्यावर बेतला जाण्याचा धोका असतो. तिकडे गेल्यावर 99 ने सुरू होणारा परदेशी ओळख क्रमांक मिळाला की टपाल कार्यालयातून ‘ए-देवलेत’ या सरकारी संकेतस्थळाचा परवलीचा शब्द घ्यावा आणि आपला विमा किती पगारावर भरला जात आहे, ते पहिल्याच महिन्यात स्वतः पाहावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

पहिला दिवस: हाक कशी मारावी

इथे मराठी माणसाला जन्मजात फायदा आहे. तुर्की भाषेत ‘सेन’ आणि ‘सिझ’ हा भेद आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखाच आहे. हाक पहिल्या नावाने मारायची आणि पुढे पुरुषाला ‘बेय’, स्त्रीला ‘हानम’ जोडायचे, म्हणजे जवळजवळ आपले ‘माधवराव’ आणि ‘सुमनताई’. आडनावाने कोणी कोणाला बोलावत नाही. आडनावे तिथे सक्तीची झाली तीच 1934 च्या कायद्याने. आणि गंमत अशी की त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने ‘बेय’, ‘हानम’, ‘पाशा’ ही संबोधने रद्द केली होती. पाशा गेले, पण बेय आणि हानम प्रत्येक कार्यालयात ठाण मांडून आहेत.

कारखान्यात काही आठवड्यांनी ‘आबी’ म्हणजे दादा आणि ‘आब्ला’ म्हणजे ताई ही संबोधने कानावर पडू लागतात. आपण ती आपण होऊन वापरायची नाहीत. समोरच्याने तशी मोकळीक दिली की मगच वापरावीत, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याला बैठकीत तर चुकूनही नाही. कोणी तुम्हाला आबी म्हणू लागला, तर हे केवळ गोड बोलणे नाही हे ओळखावे. आबी म्हणवून घेणाऱ्याने धाकट्याची चूक वरपर्यंत जाऊ न देता आपल्या पातळीवर निस्तरावी, अशी त्यात अपेक्षा असते. पुढचे बरेच नैतिक पेच याच एका शब्दातून जन्माला येतात.

कामात गुंतलेल्या माणसाजवळून जाताना ‘कोलाय गेल्सिन’ म्हणावे. काम सोपे जावो, असा त्याचा अर्थ. यंत्राशी झगडणारा कामगार असो, झाडणारी बाई असो की रात्री उशिरा बसलेला हिशेबनीस, हे दोन शब्द न बोलता पुढे जाणारा अधिकारी घमेंडखोर समजला जातो. मला हे कळायला वेळ लागला. मी रोज सकाळी कामात मग्न असलेल्या लोकांना त्रास नको म्हणून गुपचूप त्यांच्या मागून जात असे, आणि ‘हिंदुस्थानी साहेब कोणाशी बोलत नाही’ असा बोभाटा झाला होता.

पहिला महिना: चहा, मान आणि दिनदर्शिका

चहा बारीक कमरेच्या काचेच्या पेल्यात, दुधावाचून येतो. पहिला पेला नाकारू नये. पुरे झाले की चमचा पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवावा, नाहीतर चहावाला भरतच राहतो. माहिती बैठकीत मिळत नाही, ती चहाच्या खोलीत मिळते, हे आपल्याकडच्या टपरीवर वाढलेल्याला वेगळे सांगायला नको. शाकाहारी माणसाने कारखान्याच्या खानावळीत मसुराचे सार आणि ऑलिव्ह तेलातल्या गार भाज्यांवर भर द्यावा; वाटाणे-घेवड्यासारख्या वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या भाजीत मांसाचे तुकडे असू शकतात, म्हणून आधी विचारावे.

मानेच्या हालचालीने मात्र खरा घोटाळा होतो. तुर्की माणूस भुवया वर करतो, कधी हनुवटी किंचित उचलतो आणि जिभेने ‘च्यक्’ करतो, तेव्हा त्याचा अर्थ स्वच्छ ‘नाही’ असा असतो. आपली डावी-उजवीकडे झुलणारी होकाराची मान तिकडच्या लोकांना ‘समजले नाही’ किंवा ‘नको’ अशी वाटते. एकदा सुटे भाग बदलू का, असे पाळीच्या प्रमुखाने विचारले, मी सवयीने मान डोलावली आणि दोन तासांनी पाहतो तर यंत्र तसेच बंद. तो माझ्या ‘हो’ची वाट पाहत बसला होता. तेव्हापासून मी प्रत्येक होकार तोंडाने देऊ लागलो.

दिनदर्शिकेत एक तारीख ठळक करून ठेवावी. 10 नोव्हेंबरला सकाळी 9 वाजून 5 मिनिटांनी, म्हणजे 1938 मध्ये तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांनी ज्या क्षणी प्राण सोडला त्या क्षणी, भोंगे वाजतात आणि देश जागच्या जागी उभा राहतो. रस्त्यावर गाड्या थांबतात, लोक दार उघडून बाहेर उभे राहतात. त्या वेळी फोनवर बोलत राहणे किंवा पुढे चालत जाणे हा असभ्यपणा सहज विसरला जात नाही. अतातुर्क यांच्या स्मृतीचा अवमान हा 1951 पासून कायद्याने गुन्हा आहे. राष्ट्राध्यक्षांचा अवमान हाही गुन्हा आहे. तेव्हा राजकारणावर ऐकावे, मत देऊ नये. फुटबॉलवर बोलायला हरकत नाही, पण साहेब गालातासरायचे की फेनेरबाहचेचे, हे आधी कळलेले बरे.

संस्थेचा स्वभाव ओळखणे

तुर्कस्तानातील मोठे उद्योगसमूह बहुतांशी कुटुंबांचे आहेत. वेहबी कोच यांनी 1926 मध्ये अंकारात सुरू केलेल्या पेढीचा 1963 मध्ये कोच होल्डिंग झाला आणि त्याचे अध्यक्षपद आजही कुटुंबातच आहे. आपल्याशीही या जगाचा संबंध आहे: याच समूहातील आर्चेलिकने टाटांच्या व्होल्टाससोबत 2017 मध्ये भारतात भागीदारी केली, आणि त्याच वर्षी मुंबईच्या महिंद्राने तुर्कस्तानातील एरकुन्त ही ट्रॅक्टर कंपनी घेतली. अशा समूहांत व्यावसायिक व्यवस्थापक असतात, आचारसंहिता छापील असते, लेखापरीक्षण कडक असते. मध्यम कंपनीत मात्र ‘पात्रोन’ म्हणजे मालक हाच शेवटचा शब्द असतो. त्यामुळे आपल्या वरच्या अधिकाऱ्याला निर्णयाचा किती अधिकार आहे आणि कोणत्या रकमेपासून पुढचा कागद मालकाच्या टेबलावर जातो, हे पहिल्या महिन्यात शोधून काढावे.

दुसरी खूण जीवनशैलीची. 1971 मध्ये स्थापन झालेली तुसियाद ही प्रामुख्याने इस्तंबूलच्या धर्मनिरपेक्ष मोठ्या भांडवलाची संघटना मानली जाते, तर 1990 ची मुसियाद ही धार्मिक वळणाच्या, बऱ्याच अंशी अनातोलियातून (देशाच्या आशियाई भागातून) वर आलेल्या उद्योजकांची. एका कंपनीत वर्षाअखेरीचा मेळावा राकी या बडीशेपेच्या मद्याच्या टेबलाभोवती होतो, दुसरीत रमझानच्या इफ्तारला सगळा कर्मचारीवर्ग जमतो आणि शुक्रवारी दुपारी बैठक ठेवली तर रिकाम्या खुर्च्यांशी बोलावे लागते. एकाच कंपनीत दोन्ही तऱ्हेचे लोक असतात, हे तर आणखी नाजूक. आपण परके असल्याने कोणत्याही बाजूची परीक्षा द्यावी लागत नाही. तो लाभ गमावू नये.

साहेब जेव्हा वडील होतात

झेय्नेप आयजान या तुर्की अभ्यासिकेने सहकाऱ्यांसह केलेल्या दहा देशांच्या तुलनेत, 2000 मध्ये, भारत आणि तुर्कस्तान हे दोन्ही देश वडीलकीच्या नेतृत्वाकडे अधिक झुकलेले आढळले. म्हणजे साहेब कामाबरोबर घरचीही चौकशी करतो, मुलाच्या शाळेसाठी शब्द टाकतो, दवाखान्यात भेटायला येतो, आणि बदल्यात निष्ठेची अपेक्षा धरतो. मुलाला उस्तादाच्या हवाली करताना बाप म्हणे, ‘मांस तुझे, हाडे माझी’. म्हणजे शिकवताना हवे तेवढे झोड, हाडे तेवढी शाबूत ठेव. ही म्हण आज हसत हसत सांगितली जाते, पण तिच्यातला करार अजून मोडलेला नाही.

मग आपल्याला वेगळे काय जाणवते? देशोदेशींच्या कार्यसंस्कृतीची तुलना करणारे डच अभ्यासक हॉफस्टेड यांच्या जुन्या, 1970 च्या आसपासच्या पाहणीवर आधारलेल्या आकड्यांत सत्तेतील अंतराचा (वरिष्ठ-कनिष्ठांमधली दरी लोक किती मान्य करतात याचा) निर्देशांक भारताचा 77 आणि तुर्कस्तानचा 66 आहे. त्यात फार फरक नाही. पण अनिश्चितता टाळण्याच्या निर्देशांकात भारत 40 वर तर तुर्कस्तान 85 वर आहे. आकडे जुने असले तरी अनुभव तसाच येतो. आपण ‘बघू, जमवून घेऊ’ म्हणून काम पुढे रेटतो, तर तिथे ओल्या शाईची सही, कंपनीचा शिक्का आणि कोणाच्या आज्ञेवरून हे स्पष्ट झाल्याशिवाय हात हलत नाही. आपला ‘जुगाड’ तिथे हुशारी न ठरता बेजबाबदारपणा ठरतो. सूचना देताना काय, केव्हापर्यंत आणि चुकले तर जबाबदार कोण, हे तिन्ही सांगावे. अधिकार सोपवल्याच्या भावनेने ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ म्हटले, तर हाताखालचे लोक गोंधळतात, आणि साहेबाला विषय कळत नाही असे समजतात.

साहेबाशी मतभेद बैठकीत बोलू नये. आदल्या दिवशी, चहावर, एकट्याने बोलावे. त्यावर तो ‘बाकारझ’ म्हणजे ‘बघू’ म्हणाला तर तो बहुधा नकार समजावा. ‘हालेदेरिझ’ म्हणजे ‘करून टाकू’ म्हणाला तर तारीख विचारावी. राग मात्र उघड निघतो. आवाज चढतो, फाईल आपटली जाते आणि तासाभराने तोच माणूस चहा पाठवतो. हे मनात धरून बसू नये.

वशिला, हक्क आणि भेटवस्तू

वशिल्याला तिथे ‘तोर्पिल’ म्हणजे पाणतीर म्हणतात. खालून येतो, दिसत नाही आणि नेमका लागतो. एकाच गावचे ते ‘हेमशेहरी’, आणि त्यांनी एकमेकांना कामाला लावणे हे कर्तव्य समजले जाते. तुमच्यासमोर एक दिवस कोणी आबी येऊन ‘आपल्या गावचा पोरगा आहे, कष्टाळू आहे’ म्हणेलच. त्याला तुटक नकार दिला, तर त्याच्या नात्याचा अपमान होतो. होकार दिला, तर पुढची भरती तुमच्या हातात राहत नाही. मला उपयोगी पडलेली वाट अशी की अर्ज आदराने घ्यावा, सर्वांसाठीची तीच चाचणी त्यालाही लावावी, निकाल लेखी ठेवावा आणि नकार असेल तर तो पत्राने न कळवता स्वतः जाऊन, उभ्याने न बोलता बसून, चहा घेत सांगावा.

नकार देताना कंपनीच्या नियमपुस्तिकेचा कलम क्रमांक सांगून काही पोहोचत नाही. पोहोचते ती ‘कुल हक्की’ ही कल्पना. कुल म्हणजे ईश्वराचा सेवक, म्हणजे माणूस. त्याचा हक्क खाल्ला तर ईश्वरही माफ करीत नाही, ज्याचा खाल्ला त्यानेच माफ करावा लागतो. हक्क हा शब्द आपलाही आहे, हिशेब, तारीख आणि कलमही आपल्याकडे त्याच अरबी-फारसीच्या वाटेने आले आहेत. ‘बाहेर थांबलेल्या दुसऱ्या पोराचा हक्क जाईल’ एवढे म्हटले की समोरचा माणूस, तो नमाजी असो वा नसो, वाद घालत नाही. अनातोलियात तेराव्या शतकापासून अही नावाच्या कारागीर-बंधुसंघांची परंपरा आहे. किरशेहिरचे अही एवरान हे तिचे आद्यपुरुष मानले जातात. खराब जोडे करणाऱ्या चांभाराचा जोडा छपरावर फेकला जाई, असे सांगतात, आणि मान गमावलेल्या माणसाबद्दल ‘त्याचा जोडा छपरावर गेला’ असे आजही म्हणतात.

भेटवस्तूंबाबत मात्र नाते बाजूला ठेवून कायदा पाहावा. सणाला चॉकलेटचा डबा आणि तळहातावर लिंबाच्या वासाचे कोलोन्या हे सुगंधी पाणी, ही आपल्या तिळगुळासारखी रीत आहे. ती घ्यावी आणि द्यावी. सरकारी अधिकाऱ्याला मात्र काहीही देऊ नये. 2004 च्या 5176 क्रमांकाच्या कायद्याने सरकारी सेवकांसाठी आचारमंडळ नेमले आहे, आणि दंडसंहितेच्या 252 व्या कलमाने लाच देणारा आणि घेणारा दोघांनाही चार ते बारा वर्षांची कैद सांगितली आहे. लाचेला तिथेही ‘रुश्वेत’च म्हणतात, पण मागताना हा शब्द कोणी उच्चारत नाही. ‘मुलांसाठी काहीतरी’ किंवा ‘चहापाणी’ असे म्हटले गेले तर अधिकृत शुल्काची पावती मागावी. विषय तिथेच संपतो.

गप्प बसू नये अशा दोन जागा

पहिली सुरक्षिततेची. 13 मे 2014 रोजी सोमा येथील कोळसा खाणीत 301 कामगार मेले. त्याच्या दोन वर्षे आधी, 2012 मध्ये, 6331 क्रमांकाचा सुरक्षा कायदा झाला होता. म्हणजे कायदा होता. गंभीर आणि जवळ आलेल्या धोक्यात काम थांबवण्याचा हक्क या कायद्याने कामगाराला दिला आहे. पण साहेबाला वडील मानणारा माणूस तो हक्क वापरायला कचरतो, आणि सहकाऱ्याची चूक सांगणाऱ्याला चहाडखोर समजले जाते. म्हणून व्यवस्थापक म्हणून गेलेल्या माणसाने यंत्र थांबवणाऱ्या कामगाराचे सर्वांदेखत आभार मानावेत. तिथे सूचनापेटीपेक्षा याचा परिणाम अधिक होतो.

दुसरी जागा छळाची. तिला तिथे ‘मॉबिंग’ असाच शब्द रूढ आहे. त्याचे मूळ बरेचदा स्वभावात नसून हिशेबात असते. किमान एक वर्ष सेवा झालेल्या माणसाला काढले, तर दर वर्षामागे 30 दिवसांच्या कपातीपूर्वीच्या पगाराइतकी भरपाई, कमाल मर्यादेच्या आत, द्यावी लागते. तिला ‘किदेम ताझमिनाती’ म्हणतात. पण माणूस स्वतःहून सोडून गेला, तर काही अपवाद वगळता ती बुडते. म्हणून काही मालक काढण्याऐवजी कंटाळवून सोडायला लावतात: टेबल कोपऱ्यात सरकवले जाते, काम काढून घेतले जाते, जेवणाच्या टेबलावर कोणी बसत नाही. अशा वेळी रागाच्या भरात इस्तिफा लिहून देऊ नये. तारखा टिपाव्यात, निरोप जपावेत आणि श्रम मंत्रालयाच्या 170 या दूरध्वनी क्रमांकावर सल्ला घ्यावा. 2018 पासून भरपाईसारख्या बहुतेक वादांत न्यायालयाआधी मध्यस्थाकडे जाणे सक्तीचे आहे, आणि बरेच तंटे तिथेच मिटतात.

सोडून निघताना

सेवेच्या कालावधीनुसार दोन ते आठ आठवड्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. शेवटच्या दिवशी समोर एक ‘इब्रानामे’, म्हणजे ‘माझे काही येणे उरले नाही’ असा कागद, सहीसाठी येतो. सेवा संपल्यापासून एक महिना होण्यापूर्वी त्यावर घेतलेली सही कायद्याने ग्राह्य नाही, तेव्हा ‘महिन्याने येऊन करतो’ असे नम्रपणे सांगावे.

त्यानंतर प्रत्येक टेबलापाशी जाऊन निरोप घ्यायचा असतो. ‘हाक्कनझी हेलाल एदिन’ म्हणायचे, म्हणजे माझ्याकडून तुमचा काही हक्क राहिला असेल तर माफ करा. समोरचा ‘हेलाल ओल्सुन’ म्हणतो आणि तेच शब्द तुमच्याकडून मागतो. मी निघालो तेव्हा यंत्र बंद ठेवून माझ्या ‘हो’ची वाट पाहत बसलेला तो पाळीचा प्रमुख शेवटी भेटला. त्याने आधी भुवया वर केल्या, ‘च्यक्’ केले आणि मग हसून दोन्ही हात पुढे केले.